सांता रीताची जागा सोडून

नव्व्याण्णव टक्क्यांवर जावई थांबला.

जावई म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा आपोआप आखणारं सॉफ्टवेअर. दोना इदालिनाच्या कारखान्यात त्याचं हे बारसं तपासणी विभागातल्या ग्लाउसियानं केलं होतं, आणि त्यासाठी तिला फार डोकं खाजवावं लागलं नव्हतं. बऱ्याच बोलाचालीनंतर घरात आलेला, कारखान्यातल्या एकुलत्या एका एसीखाली बसवलेला, आल्या आल्या सगळं काम आपल्याकडे ओढून घेणारा आणि ते काम शेवटाला आलं की हात वर करणारा. दुसरं नाव शोभलंच नसतं.

ब्राझीलच्या मिनास प्रांतातल्या सांता रीता दो सापुकाईत निम्मं गाव असलंच काहीतरी बनवतं. कोणी चोर आल्यावर कोकलणारे भोंगे, कोणी रिमोट, कोणी त्यांची प्लास्टिकची खोकी. उरलेलं निम्मं गाव कॉफी पिकवतं आणि पहिल्या निम्म्याला पाजतं. दोना इदालिनाच्या कारखान्यात आपोआप उघडमीट करणाऱ्या फाटकांचे मेंदू बनत. मेंदू म्हणजे तळहाताएवढा हिरवा बोर्ड. त्याच्यावरच्या सुट्या भागांना जोडणाऱ्या तांब्याच्या रेघा कुठून कुठे न्यायच्या, हे ठरवणं अमारोचं काम होतं. रेघांनी एकमेकींना शिवायचं नाही. भिंतीतून येणाऱ्या विजेनं चिपच्या आसपास फिरकायचं नाही. एखादी रेघ अडलीच, तर भोक पाडून पाठीमागच्या बाजूला उतरायचं आणि अडथळा ओलांडून पुन्हा वर यायचं. बाजू दोनच. बोर्डाचा आकारही ठरलेला, कारण खोक्याचा साचा अर्लिंदोनं करून ठेवला होता आणि अर्लिंदोनं करून ठेवलेलं काही बदलायचं नाही, असा कारखान्याचा रिवाज होता. अर्लिंदो हे दोना इदालिनाचे दिवंगत यजमान.

जावई चालू केला की पडद्यावर लाल-निळ्या रेघा वारुळ फुटल्यासारख्या पळत सुटत. अडल्या की तो स्वतःच आखलेलं पुसायचा, वळणं बदलायचा, पुन्हा आखायचा. आकडा चढत जायचा. आणि दर वेळी शेवटी पडद्यावर एक बारीक पिवळी रेघ शिल्लक राहायची. ती तांब्याची नव्हे. अमुक टोक तमुक टोकाला जोडायचं राहिलंय, एवढीच तिची आठवण. ती चिपपासून निघून, दार टोकाला पोहोचलं की दाबल्या जाणाऱ्या स्विचकडे जायची. 'पोहोचलं, आता थांब' हा निरोप तिच्यातून यायचा होता. म्हणजे उघडायचं कसं, मिटायचं कसं, दिवा कधी लावायचा, कुत्रा मधे आला तर काय करायचं, हे सगळं बोर्डाला कळत होतं. थांबायचं कुठे, तेवढं कळत नव्हतं.

आणि ही पिवळी रेघ नेमकी सांता रीताच्या छातीवरून जायची.

कारखान्याच्या प्रत्येक बोर्डावर, जवळजवळ मधोमध, अंगठ्याएवढी तांब्याची सांता रीता असे. डोईवर पदर, हातात गुलाब, आणि भोवताली गोल मोकळी जागा, जिथून एकही रेघ न्यायची नाही. ती अशक्य कामांची संत. गाव तिचं, देऊळ तिचं, मे महिन्यातला सण तिचा, तेव्हा बोर्डावरही ती असणार यात कोणाला नवल वाटलं नव्हतं. अर्लिंदोनं नवस केला होता म्हणे. कशासाठी, ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि मिनासच्या माणसाला जे ठाऊक नसतं ते तो विचारत नाही. सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्या मोकळ्या वर्तुळाला 'प्रवेश बंद' अशी खूण अमारोनंच करून दिली होती. एकदा कोणाला न सांगता त्यानं ते वर्तुळ केसभर लहान करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या टेबलावर एक ट्रान्सफॉर्मर जळाला. तो दुसऱ्याच बोर्डाचा होता, पण धुराचा वास येताच आख्खा विभाग मान वळवून अमारोकडे बघू लागला. त्यानं वर्तुळ होतं तसं केलं आणि जेवणाच्या सुट्टीत देवळात जाऊन मेणबत्ती लावून आला.

एरवी अशी एखादी रेघ अडून राहिली तर माणूस चार दिवस चिडचिड करतो. अमारोचा जीव तिच्यात अडकला होता, कारण त्याला गाव सोडायचं होतं.

त्याची बायको निल्झा फेब्रुवारीत, तिकडचं शाळेचं वर्ष सुरू होताना, दक्षिणेला, जोइनव्हिलला, गेली होती. तिथल्या नर्सिंगच्या शाळेत ती शिकवत होती. अमारोसाठीही तिथे एका कारखान्यात जागा होती, पण ती मेअखेरपर्यंतच. मग ते दुसरा माणूस बघणार होते. दुसरी बायको बघण्याबद्दल अमारोला कोणी काही विचारलं नव्हतं, पण निल्झाच्या फोनवरच्या आवाजात अलीकडे तोही विषय असल्यासारखा वाटायचा. इतकं सगळं असून तो अजून इथेच होता, कारण दोना इदालिना त्याची माद्रिन्या, म्हणजे धर्ममाता, होती. बाप्तिस्म्याला तिनंच त्याला हातावर धरलं होतं, आई गेल्यावर तिनंच त्याला आपल्या टेबलावर जेवू घातलं होतं आणि अर्लिंदोच्या शेजारी बसवून काम शिकवलं होतं. फेब्रुवारीत तो तिला म्हणाला होता, "हा बोर्ड झाला की जावं म्हणतो." आणि तेव्हापासून बोर्ड होत नव्हता.

म्हणजे एरवी तो एव्हाना झालाही असता. पण माद्रिन्याला सुचत गेलं. आधी फाटकावर दिवा. दिवा बसला तशी ती म्हणाली, भोंगाही असावा. मग मोबाईलवरून उघडता आलं पाहिजे. मग, दार मिटताना मधे कुत्रा आला तर त्याला ओळखणारा सेन्सर. अमारो मान डोलवायचा, नवा भाग त्याच त्या खोक्यात दाटीवाटीनं बसवायचा आणि मनात म्हणायचा, बाईला आपल्यावाचून जमत नाही, तोंडानं सांगवत नाही, म्हणून असं करते. कुत्रा आला आणि सांता रीताच्या दोन्ही अंगांना असलेल्या शेवटच्या फटी बुजल्या.

"झाला का बोर्ड?" संध्याकाळी निल्झाचा फोन आला की पहिला प्रश्न हा.

"एक रेघ राहिलीय."

"मागच्या आठवड्यातही एकच राहिली होती."

"तीच आहे."

"मग ती बाई हलव ना थोडी."

"निल्झा, ती सांता रीता आहे."

"मग हलवायच्या आधी तिच्या पाया पड. अमारो, तू माद्रिन्याला विचारलंस का?"

"असं कसं विचारणार?"

"तोंडानं."

निल्झा जन्मानं दक्षिणेची. तिकडची माणसं दारातून आत येता येताच कामाचं बोलतात. अमारोला तिचं हे आवडायचं, फक्त ते त्याच्यावर वापरलं नाही तर.

"मी करू का फोन तिला?" निल्झा म्हणाली.

"नको," अमारो घाईघाईनं म्हणाला.

सकाळी ग्लाउसियानं पडद्यावर डोकावून पाहिलं. तिच्या हातात गरम चीजपाव होता.

"जावई अजून रुसलेलाच?"

"हं."

"वरून एक तार टाक ना. या टोकाला सोल्डरचा डाग, त्या टोकाला डाग, मधे संतिणीच्या डोक्यावरून पूल. मोकळा हो."

"अर्लिंदो म्हणायचे, माझ्या बोर्डावर वरून तार जाणार नाही."

"अर्लिंदो जाऊन किती वर्षं झाली?"

अमारोनं सगळ्या रेघा पुसल्या आणि जावयाला पुन्हा सोडलं. या वेळी त्यानं रिले नावाच्या एका सुट्या भागाला अर्ध्या वळणानं फिरवून ठेवलं होतं. रेघा पळाल्या, अडल्या, पुसल्या गेल्या, फिरून आल्या. एक निळी रेघ तर बोर्डाच्या कडेकडेनं पूर्ण प्रदक्षिणा घालून, चार ठिकाणी खाली-वर करून, निघाली होती तिथे परत आली आणि तिथेच संपली. अमारोला ती जवळची नातेवाईक वाटली.

"सांगू का," ग्लाउसिया पाव खात म्हणाली, "तुला इथून कोणी हाकललं तर तू जाशील. तुझं तू ठरव म्हटलं तर नाही जायचास."

"मला कोणी जा म्हणत नाही."

"तेच तर."

त्या रविवारी प्रार्थना आटोपून अमारो माद्रिन्याकडे गेला. तिचं घर उतारावर, समोर कॉफीच्या टेकड्या, आणि फाटकाला अर्लिंदोच्या हातचा जुना बोर्ड, जो कुरकुरत का होईना, अजून चालत होता.

"आशीर्वाद द्या, माद्रिन्या."

"देव तुझं भलं करो. ये. वाळलास."

कॉफी आली, काळी आणि आधीच गोड केलेली. चीज आणि पेरूची वडी आली. यंदा थंडी जूनची वाट न बघता मेमध्येच पडली, हे दोघांनी मान्य केलं. शेजाऱ्यांची गाय पुन्हा कुंपणातून आत शिरली होती, त्यावर बोलणं झालं. पाद्रीबाबांच्या गुडघ्यावर झालं. अमारो मुद्द्याच्या दिशेनं एक पाऊल टाकून बघत होता.

"तिकडे जोइनव्हिलला पाऊस फार म्हणतात," दोना इदालिनानंच विषय काढला.

"निल्झा म्हणते, असतो."

"भिंतींना ओल येते अशानं."

"येत असेल."

"तुला लहानपणी दमा होता."

तो रस्ता तिथेच संपला. अमारोनं मागे येऊन दुसरा धरला.

"सणाची तयारी जोरात दिसते. गुलाब आले का देवळात?"

"आले. यंदा जरा लहान आहेत."

"सांता रीताचं सगळं वेळेवर होतं."

"होतंच."

"मोठी आहे ती."

"मोठीच."

बोर्डावर ती जरा जास्तच मोठी आहे, हे वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, पण मधे पेरूची वडी आली. दोना इदालिनानं आणखी कॉफी ओतली. मग आणखी. सूर्य टेकडीआड गेला तसा अमारो उठला, आणि ती त्याला पोहोचवायला शाल घेऊन फाटकापर्यंत आली. मिनासमध्ये खरं बोलणं होतं ते तिथे. आत बसून जे जमत नाही, ते किल्ली हातात घेऊन, अर्धं अंग बाहेर काढून जमतं. तिनं रिमोट दाबला. फाटक कुरकुरत उघडलं. अमारो बाहेर जाऊन वळला.

"माद्रिन्या, एक बोलू?"

"बोल." तिनं शाल आवळून घेतली. तीही याचीच वाट बघत असावी.

"बोर्डावरची सांता रीता जरा बाजूला घेतली तर चालेल का? काढायची नाही, नुसती सरकवायची. तुमच्या नवसाला धक्का न लावता."

"कुठला नवस?"

"पाद्रिन्योचा. तिला मधली जागा द्यायचा."

"अर्लिंदोचा?" दोना इदालिना त्याच्याकडे बघत राहिली. "अर्लिंदोनं जन्मात नवस केला नाही. केला असता तर फेडला नसता."

"मग ती तिथे आली कशी?"

"तिथे पूर्वी हा एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर बसायचा. मग लहान मिळायला लागला आणि मधे रिकामी जागा दिसायला लागली. अर्लिंदो म्हणाला, दात पडल्यासारखं दिसतं. तो त्याच्या फुटबॉल क्लबचं चिन्ह टाकणार होता. मी म्हटलं, निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्या क्लबची, उगाच वाकडं कशाला घ्या. तर त्यानं हिला बसवलं. हिच्यावर कोणाचा राग नाही."

इतक्यात, ठरलेला वेळ संपल्यामुळे, फाटक आपोआप मिटायला लागलं. दोघंही ते मिटताना बघत राहिली. आता ती आत होती, तो बाहेर, मधे गज.

"पण तुम्ही नव्या बोर्डाला हात लावायच्या आधी छातीवर क्रूसाची खूण करता," अमारो गजांमधून म्हणाला. "दर वेळी. मी लहानपणापासून बघतोय."

"तू करतोस म्हणून. मला वाटलं, पोराची आई गेली, त्यानं सांता रीतापाशी काही बोलून ठेवलं असेल. त्याचं त्याला करू द्यावं, आपणही हातभार लावावा."

"मी तुम्ही करता म्हणून करत होतो."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही का नाही विचारलंत?"

यावर दोघांकडेही उत्तर होतं आणि ते एकच होतं, म्हणून कोणी दिलं नाही. दोना इदालिनानं रिमोट दाबला. फाटक पुन्हा कुरकुरत उघडलं. अमारोला आता थांबवेना. एवढ्या वर्षांत प्रथमच एका संध्याकाळी एक प्रश्न विचारून तो जिवंत राहिला होता.

"आणि तो दिवा? भोंगा? तो कुत्रा?"

"त्यांचं काय?"

"बोर्ड होत आला की तुम्हाला नवीन काहीतरी सुचतं. मला वाटलं, मी जाऊ नये म्हणून करता."

"म्हणूनच करत होते." ती जराही चपापली नाही. "फेब्रुवारीत तू इथेच उभा राहून म्हणालास, जावं म्हणतो. जावं म्हणतो. जाणारा माणूस असं बोलतो का कधी? मला वाटलं, याला जायचं नाही आणि बायकोला सांगायची छाती नाही. म्हटलं, पोराला निमित्त देऊ. कुत्रा सुचायला मला पुरा आठवडा लागला, अमारो. मला कुत्री आवडतही नाहीत."

अमारोनं फाटकाच्या खांबाला हात टेकला. फेब्रुवारीपासूनचे सगळे दिवस त्याच्या डोळ्यांपुढून गेले. एकटं जेवण, फोन, पिवळी रेघ, फोन. त्या सगळ्यांच्या मुळाशी एक मोघम वाक्य होतं आणि ते त्याचं स्वतःचं होतं.

"तुला जायचं होतं?" दोना इदालिनानं विचारलं. तिच्या तोंडून असा सरळ प्रश्न त्यानं कधी ऐकला नव्हता. तिनंही नसावा.

"हो," तो म्हणाला. आणि लगेच, सवयीनं, "म्हणजे, तसं वाटतं."

फाटक मिटायला लागलं.

"हो," अमारो म्हणाला. "जायचंय."

"मग जा की," ती गजांमागून म्हणाली. "मी कुठे धरून ठेवलंय." शालीचं टोक तिनं डोळ्याला लावलं, की नाकाला, ते अंधारून आल्यामुळे नीट दिसलं नाही. "आणि तिला पाठीमागच्या बाजूला ठेव, कोपऱ्यात. अशक्य कामांची ती, तिला जागा कितीशी लागते."

सोमवारी अमारोनं सांता रीताला उचलून पाठीमागे, खोक्याच्या स्क्रूशेजारी ठेवलं. पूर्वीच्या वर्तुळावरची 'प्रवेश बंद'ची खूण पुसली. क्रूस करायला हात वर गेला होता, तो त्यानं मानेवर फिरवून खाली आणला. मग जावयाला सोडलं.

ग्लाउसिया खुर्ची ओढून शेजारी बसली. रेघा पळाल्या. या वेळी पुसापुशी फारशी झालीच नाही. पिवळी रेघ होती तिथे, रिकाम्या झालेल्या जागेतून, सरळ एक लाल रेघ गेली आणि आकडा शंभरावर जाऊन बसला. वाजलं-गाजलं काही नाही. पडद्याच्या तळाशी 'पूर्ण' एवढा एक शब्द आला.

"सुधारला म्हणायचा जावई," ग्लाउसिया म्हणाली.

"त्याचं काही नव्हतं. तिकडून जायचं नाही असं सांगितलं होतं, तो गेला नाही."

"कोणी सांगितलं होतं?"

"मी."

"बिचारा. आपल्यातलाच निघाला."

अमारो पूर्ण झालेल्या बोर्डाकडे बघत राहिला. आता त्याच्यात कुठेच काही अडत नव्हतं, आणि त्यामुळे त्याच्याकडे बघणं त्याला जड जात होतं. डाव्या कोपऱ्यात थोडी जागा होती. तिथे तपासणीसाठी एखादी टाचणी टोचायची सोय करता आली असती. केली असती तर बरं पडलं असतं, पुढे कोणाला तरी. त्याचा हात माऊसवर गेला.

"हात काढ," ग्लाउसिया म्हणाली.

त्यानं काढला.

नवा बोर्ड आधी कारखान्याच्या स्वतःच्या फाटकावर बसवायचा, हा अर्लिंदोनं घालून दिलेला आणखी एक रिवाज. सण झाला, गुलाब वाटले गेले, आणि महिनाअखेरीच्या एका सकाळी अमारो गाडीत दोन बॅगा, निल्झाचं शिलाई मशीन आणि दोना इदालिनानं दिलेलं, फडक्यात बांधलेलं आख्खं चीज ठेवून, कारखान्यातल्यांचा निरोप घेऊन, आतून त्या फाटकापाशी आला. माद्रिन्याचा निरोप आदल्या दिवशीच, दारात उभं राहून, घेऊन झाला होता. जोइनव्हिलचं घर दमट आहे का, ते बघून कळवायचं होतं.

चौकीतल्या म्हाताऱ्या बेंतोनं बटण दाबलं. फाटकावरचा दिवा लुकलुकला. दार न कुरकुरता सरकलं, टोकाला पोहोचलं आणि थांबलं. समोर रस्ता होता.

अमारोचा पाय ब्रेकवर होता. गाडीचं इंजिन चालू होतं. मागे कोणी नव्हतं, पुढे कोणी नव्हतं, कुत्रासुद्धा नव्हता. किती वेळ उघडं राहून मग आपोआप मिटायचं, हे त्यानं स्वतःच बोर्डात घातलं होतं, आणि ते भरपूर ठेवलं होतं, म्हाताऱ्या माणसांच्या हिशेबानं. तेवढा वेळ गेला. दार परत निघालं, गाडीच्या नाकासमोरून सरकत आलं आणि मिटलं.

बेंतो चौकीतून बाहेर आला.

"बोर्डात काही राहिलं का, अमारो?"

"नाही. बोर्ड बरोबर आहे."

"मग?"

"थांबतं कुठे ते बघत होतो."

"थांबलं की टोकाला."

"हो. थांबलं."

बेंतोनं गाडीच्या टपावर हात टेकला आणि वाकून आत पाहिलं. बॅगा, मशीन, चीज. त्याला काय समजायचं ते समजलं असावं, आणि विचारायचं तर त्याला नव्हतंच. त्यानं टपावर दोनदा थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी, आणि चौकीत गेला.

"पुन्हा उघडतो," तो आतून म्हणाला. "या वेळी दार बघू नकोस."

फाटक उघडलं. अमारोनं पाय उचलला. गाडी मुंगीच्या पावलानं पुढे झाली, रस्त्याला लागली. दार मिटायला निघालं तेव्हा तिचा मागचा दिवा नुकताच बाहेर पडला होता. आरशात त्याला ते सरकत येताना दिसलं, टोकाला पोहोचताना दिसलं, आणि मग, जसं आखलं होतं तसं, थांबलेलं दिसलं. त्याच्या आत अडकून कोणी राहिलेलं नव्हतं. तरी वळणापर्यंत तो आरशातच बघत होता.